पाणी आली

तळ्याचं पाणी कालच्यापेक्षा आणखी दोन पावलं मागे सरलं होतं. काठावरचा लव्हाळा पिवळा पडून मोडला होता. कापण्याजोगा हिरवा उरला होता तो पार आत, पाण्याला धरून. तिथवर जायचं म्हणजे मधला चिखल तुडवायचा. आधी घोटा, मग पोटरी, मग गुडघा. गुडघ्याशी आला की पाय उपसताना चिखल असा आवाज करी, की वाटावं कुणी बोळक्या तोंडानं घास चघळतंय.

वस्तीत तिला सगळे 'शिकलेली' म्हणत. कौतुकानं म्हणत तेव्हाही त्यात बारीकसा चिमटा असेच. नवरा पुढे विळा चालवत होता आणि शिकलेली मागून कापलेल्या काड्या गोळा करून पेंढ्या बांधत होती. एका पेंढीत शंभर काड्या. मन कुठेही भरकटो, बोटं मोजत राहत. ओय, मे, तुल, गाद, हाम. हाम म्हणजे पाच आणि हाम म्हणजेच हाताचा पंजा. पंजा भरला की पुन्हा पहिल्यापासून. वीस पंजे झाले की पेंढी आवळायची. कॉलेजात तीन वर्षं तिनं गणित केलं होतं, पण हातात काड्या आल्या की एक-दोन-तीन तिच्या कामाचं नसे. पंचवीस-तीसच्या पुढे कुठेतरी हमखास चुके. मनातल्या मनात ओय-मे केलं की चुकत नसे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं तरी काय त्यात?

"विळा बोथट झाली," काठावरून सासूनं हाक दिली. गुडघे गेल्यापासून म्हातारी चिखलात उतरत नसे. काठावर बसून काड्यांची पानं ओरबाडून काढी. "आण इकडे, दगडावर घासून देते."

"झाला, आजी," शेजारी दप्तर मांडीवर घेऊन बसलेली चिमी म्हणाली. "तो विळा. विळा झाला."

"हां हां. झाला," म्हातारी म्हणाली आणि हसली. होते ते खालचे दोन दात दिसले.

चिमीला सहावं लागलं होतं. शाळेची घंटा होईपर्यंत तिनं काठावर बसायचं आणि चिखलात पाय घालायचा नाही, असा आईचा कडक नियम होता. तिचे पाय पांढऱ्या मोज्यांत होते. आख्ख्या तळ्याकाठी तेवढंच काय ते पांढरं.

म्हातारीच्या बोलण्यात सगळं जग बाईच होतं. विळा बोथट झाली, वारा सुटली, मुलगा पडली. एकदा घरी आलेल्या पाहुण्यांना तिनं "आमची म्हातारा लई तापट होती" असं सांगितलं होतं, आणि पाहुणे उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत कसेबसे तोंड दाबून बसले होते. वस्तीच्या बोलीत तो-ती-ते मुळी नव्हतंच. दार 'ते' का आणि खिडकी 'ती' का, हे ज्याच्या कानावर पाळण्यात पडलं नाही त्याला पुढे कुणी किती समजावणार? गावात त्याच्या नकला चालत. दुकानात वस्तीतलं कुणी शिरलं की मागून कुणीतरी हळूच म्हणे, "पाणी आली, पाणी आली," आणि हसू पसरे. गाव त्यांना 'चिखले' म्हणे. सरकारी कागदावर 'लव्हाळी' लिहिलेलं होतं. त्यांचं स्वतःचं स्वतःला असं नाव नव्हतं; आपल्या बोलीत ते स्वतःला नुसतं 'आपण' म्हणत.

शिकलेलीनं तो-ती-ते पाठ केलं होतं. वसतिगृहात, वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखून. उंबरा तो, भिंत ती, छप्पर ते. पहिल्या वर्षी खोलीतल्या मुली तिला उगाच काहीबाही बोलायला लावत. दुसऱ्या वर्षी थांबल्या. तिसऱ्या वर्षी एका नव्या मुलीनं तिलाच विचारलं, "तुमच्या तिकडे ते चिखले असतात ना? कसे असतात गं?" तेव्हा ती म्हणाली होती, "असतात आपले. लांब राहतात."

हे वाक्य तिला अजूनही पेंढी आवळता आवळता मध्येच आठवे, आणि मग दोर जरा जास्तच घट्ट बसे.

"परवा येणार म्हणे साहेब," नवरा मागे न बघता म्हणाला. "शाळेच्या ओसरीवर बसणार. आपल्याला सकाळी बोलावली."

"बोलावलंय," ती म्हणाली.

"तेच ते."

तळं आटत चाललं तशी त्याच्या पोटातली काळी जमीन उघडी पडत होती, आणि ती कुणाची यावरून वर्षभर अर्ज चालले होते. गावच्या ठेकेदाराला ती नांगराखाली हवी होती. शेवटी कचेरीनं ठरवलं की यादी करायची. जे लव्हाळी आहेत आणि पिढ्यान् पिढ्या इथला लव्हाळा कापत आलेत, त्यांची नावं यादीत घ्यायची. यादीत नाव त्याला काठ आणि काठावरचं घर. मुलांचंही नाव आत्ताच लागायला हवं. ज्याचं नाव नाही, त्याला घरातल्या मोठ्यांच्या माघारी तिथं राहता येणार नाही. बाकीची जमीन ठेकेदाराला.

एके काळी वस्तीत वीस घरं होती. आता तीन. बाकीची वीटभट्ट्यांकडे गेली ती गेलीच.

घंटा झाली. चिमी दप्तर पाठीला लावून निघाली आणि चार पावलांवर थांबून आजीला म्हणाली, "आजी, विळा कसा झाला?"

"बोथट झाला," म्हातारी म्हणाली, नीट, एकेक अक्षर ठेवत. चिमीनं शाळेतल्या बाई मान हलवतात तशी मान हलवली आणि ती पळाली.

*

चिमीचं शाळेच्या बालवाडीत नाव घातलं त्या दिवशी शिकलेलीनं अर्ज स्वतः भरला होता. तिचं अक्षर सुंदर होतं. 'समाज' या रकान्याशी पेन थबकलं. मग तिनं 'इतर' असं लिहिलं, आणि पुढे ठळक पूर्णविराम दिला.

"असं चालतं का?" शाळेतल्या बाईंनी विचारलं होतं.

"चालतं," ती म्हणाली होती. एवढ्या स्वच्छ शब्दांत म्हणाली की बाईंनी शिक्का मारला.

पण रकान्यात काहीही लिहा, पोरीची जीभ घरचीच होती. पहिल्याच आठवड्यात चिमीला तहान लागली आणि ती भर वर्गात म्हणाली, "बाई, सोऊ." सोऊ म्हणजे पाणी. त्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरांनी तिला कुत्र्याला बोलावतात तसं बोलावलं. सोऊ सोऊ सोऊ, ये. संध्याकाळी घरी आल्यावर चिमीनं हे हसत हसतच सांगितलं. तिला तो खेळ वाटला होता. आईला नाही वाटला. आईनं दोन बोटं जुळवून तिच्या ओठांवर चापटी मारली. लागेल अशी नाही. लक्षात राहील अशी.

"घाण बोली. असं नाही म्हणायचं."

त्यानंतर महिनाभर, घरातला एक शब्द आला की दोन बोटं. झोपेत बरळली तरी दोन बोटं. एका महिन्यात पोर सुधारली. मग शिकलेलीनं सासूला सांगितलं, "आई, तुम्हीसुद्धा तिच्याशी आपलं बोलू नका. तुमच्याकडून तिच्या तोंडात बसतं."

नातीशी बोलायला म्हातारीकडे मग उरलं ते दुकानातलं मोडकंतोडकं, शे-दीडशे शब्दांचं. आधी ती दुपारभर पोरीला मांडीवर घेऊन काय काय सांगायची. आता "खा", "ये", "बस", "झोप". दोन वर्षं झाली होती या गोष्टीला.

*

दुसऱ्या दिवशी तयार झालेल्या तीन चटया घेऊन ती ठेकेदाराच्या घरी गेली. मागच्या दारानं. पुढच्या दारानं जाऊ नये असं कुणी कधी म्हटलं नव्हतं, पण पाय आपोआप मागे वळत. ठेकेदाराची बायको बाहेर आली आणि तिनं बोटानं भिंत दाखवली.

"तिथं उन्हात टाक. दोन दिवस राहू देत. वास जातो."

"ह्या धुतल्यात काकू. वास नाही येत."

"चटईला नाही गं येत," बाई अगदी सहज म्हणाली. वाईट तिच्या मनात नव्हतं.

चटया भिंतीला लावून ती वळली तर अंगणात ठेकेदार उभा. दात कोरत होता. एरवी तो तिला 'ए' म्हणून हाक मारी, आज नुसता बघत राहिला.

"मुलगी शाळेत जाते ना तुमची? हुशार आहे म्हणे."

'तुमची'. ती बावरली. "जाते. पहिलीत आहे."

"वाटतच नाही बघा तुम्ही वस्तीतल्या. किती स्वच्छ बोलता. खरंच सांगतो, कुणी म्हणणार नाही."

परतीच्या वाटेनं, शाळेच्या कुंपणापासून पिंपळापर्यंत, ती खूश होती. पिंपळाशी पोचल्यावर आपण खूश आहोत हे तिच्या ध्यानात आलं, आणि पुढची वाट तिनं खाली मान घालून काढली. अंगठ्याच्या नखात चिखल होता. काडी घेऊन तो कोरत कोरत ती घरी आली. तो माणूस एवढं गोड का बोलला, हे तिला तेव्हा सुचलं नाही. वास्तविक ती संशयी बाई. पोर खोकली तरी तिला सात रोग आठवत. पण कुणी बोलण्याचं कौतुक केलं की ती तेवढ्यापुरती आंधळी होई.

संध्याकाळी उजेड होता तोवर म्हातारी मागावर बसली होती. माग म्हणजे काय, जमिनीत चार खुंट आणि त्यांना ताणलेल्या दोऱ्या. एकेक काडी आडवी घालायची आणि लाकडी फणीनं ठोकून बसवायची. नवरा विळ्याला मूठ बसवत होता.

"उद्या बोलणार कोण?" त्यानं विचारलं.

"मी बोलेन," शिकलेली म्हणाली. "तुम्ही विचारलं तेवढंच सांगा. आणि आई, तुम्ही अजिबात तोंड उघडू नका. तुम्ही बोललात की ते लोक हसतात. मग साहेबही हसेल, आणि आपलं म्हणणं हसण्यावारी जाईल."

म्हातारीनं एक काडी आडवी घातली. "नाही बोलत," ती म्हणाली.

"रागावू नका."

"रागावली नाही."

थोड्या वेळानं म्हातारी उठून मागच्या बाजूला रांजणाशी गेली ती बराच वेळ आली नाही. शिकलेली बघायला गेली. सासू रांजणाच्या तोंडाशी वाकून पुटपुटत होती. आटली. आटलं. आटलं. आटली. छे, आटलं. गुडघ्याचं दुखणं विसरायला म्हातारी अशी काहीबाही पुटपुटे, म्हणून शिकलेली तशीच मागे फिरली.

*

शाळेच्या ओसरीवर एक टेबल मांडलं होतं. टेबलामागे साहेब. त्यांना सर्दी झाली होती आणि शेजारी रुमालांची चळत होती. दोन दिवसांत त्यांनी चार वस्त्या केल्या असाव्यात, कारण माणसं आली की ते वर न बघताच "बसा" म्हणत. ठेकेदार बाजूच्या खुर्चीत होता. वस्तीतली तिन्ही घरं पायऱ्यांवर बसली. आत वर्गात पाढे चालले होते.

"वहिनी, तुम्ही वर या," ठेकेदार म्हणाला आणि त्यानं स्वतः उठून एक खुर्ची सरकवली. "बसा. खाली कशाला?"

नाही म्हणायला काही कारण सापडेना म्हणून ती बसली. खुर्चीच्या कडेवर. सासू आणि नवरा खाली राहिले.

साहेबांनी नाक पुसलं. "ह्यांची हरकत अशी आहे की इथं आता लव्हाळी कुणी उरलेलेच नाहीत. खरे होते ते निघून गेले, हे मागाहून काठावर येऊन बसलेले साधे मजूर आहेत. काय म्हणणं तुमचं?"

ती उभी राहिली. रात्रीपासून तिनं जुळवून ठेवलं होतं. आपलं कुटुंब किती पिढ्या इथं आहे, सासरे कुठं गेले, कुठं पुरले, कुठला बांध कुणी घातला, सगळं तिनं क्रमानं सांगितलं. एकही शब्द अडला नाही. एकाही 'तो'ची 'ती' झाली नाही. सांगून झाल्यावर तिला स्वतःलाच बरं वाटलं.

"ऐकलंत ना साहेब?" ठेकेदार म्हणाला. "हेच माझं म्हणणं. माझी स्वतःची सून असं शुद्ध बोलत नाही. ह्या वहिनी कुठून चिखल्या? आपल्यातल्याच आहेत."

आपल्यातल्याच. हा शब्द गावातल्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायला मिळावा म्हणून तिनं काय काय केलं होतं. वह्यांची पानं भरली होती. पोरीच्या ओठांवर महिनाभर चापट्या मारल्या होत्या. आणि आज तो चार माणसांत असा फुकट मिळाला, तर ती खुर्चीपासून एक पाऊल दूर सरकली.

साहेब म्हातारीकडे वळले. "आजी, तुम्ही सांगा. तळ्याची काय परिस्थिती?"

म्हातारीनं सुनेकडे पाहिलं. सून काही बोलेना तेव्हा ती गुडघ्यावर हात देऊन उठली, डोक्यावरचं फडकं सारखं केलं, आणि पोर कविता म्हणायला उभं राहतं तशी उभी राहिली.

"पाणी आटलं, साहेब," ती म्हणाली. थांबली. ओठ हलवून पुढचं जुळवलं. "लव्हाळा वाळला. चिखल वाढला."

आणि सुनेकडे बघून हसली. दोन दात.

शिकलेलीला रांजण आठवला.

ठेकेदारानं मांडीवर थाप मारली. "घ्या. म्हातारीसुद्धा पुस्तकातलं बोलते. आता बोला."

"साहेब, त्यांना असं बोलता येत नाही," शिकलेली म्हणाली.

"आत्ताच तर बोलल्या."

पायऱ्यांवरचं कुणीतरी हसलं. मग नवरा उठला. तो सहसा चार माणसांत बोलत नसे. "साहेब, आमची बाप इथंच मेली," तो म्हणाला. "ह्याच तळ्यावर. मी त्याला खांद्यावर आणली. खोटं नाही बोलत."

"पाहिलंत? हे पढवून आणलंय," ठेकेदार म्हणाला. "नकला काय, आमची पोरंसुद्धा करतात अशा. पाणी आली, पाणी आली."

नवऱ्याचे हात लोंबकळत राहिले. हाताच्या कातड्यावर लव्हाळ्याच्या कापांच्या रेघा होत्या, नव्या जुन्यांवर, जुन्या त्याहून जुन्यांवर. तो खाली बसला. शुद्ध बोललं तरी हे लव्हाळी नाहीत आणि मोडकं बोललं तरी नाहीत, हे शिकलेलीला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

साहेबांनी एक जुनी, कडा झडलेली वही पिशवीतून काढली आणि रुमाल नाकाला लावून पानं उलटली. मग नमुना म्हणून आणलेली चटई टेबलावर ओढली.

"ह्यात काड्या किती?"

"मोजून सांगते," शिकलेली म्हणाली. तिनं चटईच्या कडेवर बोट ठेवलं. "एक, दोन, तीन..." अकरापर्यंत गेली. बोट एका काडीवर दोनदा पडलं. ती पुन्हा पहिलीवर आली. या वेळी नऊवर घोळ झाला. सगळी ओसरी बघत होती. आतले पाढेही नेमके तेव्हाच थांबले.

तिनं डोळे मिटले. ओठ हलले, आवाज नाही.

"मोठ्यानं," साहेब म्हणाले.

"ओय," ती म्हणाली. कॉलेजला गेल्यापासून गावाच्या कानांवर तिनं तो आवाज कधी पडू दिला नव्हता. "मे. तुल. गाद. हाम." बोट सुटलं. "ओय, मे, तुल, गाद, हाम." खालून म्हातारीचा आवाज तिच्या आवाजात मिसळला, मग नवऱ्याचा. बोट कडेवरून न अडता सरकत राहिलं, आणि शेवटाला येऊन थांबलं.

"एकतीस हाम. वर तुल," ती म्हणाली. मग हिशोब करून, "एकशे अठ्ठावन्न."

साहेब वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून बसले होते. "पूर्वी कुणीतरी पाहणी केली होती इथं," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "लिहिलंय की हे लोक पंजानं मोजतात. पाचाला हाम म्हणतात." त्यांनी ठेकेदाराकडे पाहिलं. "हे तुमच्या पोरांना येतं का?"

ठेकेदार दुसरीकडे बघू लागला. साहेबांनी पेन उघडलं. म्हातारीचं नाव लिहिलं. नवऱ्याचं लिहिलं. शिकलेलीचं लिहिलं. दुसऱ्या दोन घरांचीही लिहिली. काम झालं म्हणून नवऱ्यानं श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला.

"मुलगी आहे ना एक?" साहेब म्हणाले.

"आहे," शिकलेली म्हणाली, आणि तेव्हाच ठेकेदारानं खिशातून घडी केलेला कागद काढला. शाळेच्या नोंदवहीची नक्कल. 'समाज' या रकान्यात 'इतर'. पुढे ठळक पूर्णविराम.

"सही कुणाची ही?"

"माझी."

"अक्षर?"

"माझंच."

साहेबांनी कपाळ चोळलं. त्यांना राग आला नव्हता, कंटाळा आला होता. "अहो, हा शाळेचा कागद आहे. हा असताना मी तिला लव्हाळी कशी लिहू? बोलवा तिला."

चिमी वर्गातून आली. पांढरे मोजे, नीट वेणी. साहेबांनी आवाज मऊ केला. "बाळ, तुमच्या घरी पाण्याला काय म्हणतात?"

चिमीनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. सांग.

"पाणी," चिमी म्हणाली.

"आणि आजी काय म्हणते?"

"आजी चुकून पाणी आली म्हणते. पण आता नाही म्हणत. मी शिकवलं."

"दुसरा काही शब्द? आजीचा?"

चिमी पुन्हा आईकडे बघू लागली. चेहऱ्याकडे नाही. हाताकडे.

"नाही," ती म्हणाली.

साहेबांनी कागद बाजूला ठेवला. "मी उद्या दुपारपर्यंत इथं आहे. बाईंकडून दुरुस्तीचं पत्र आणा. आणि पत्रावर भागणार नाही, पोरीला माझ्यासमोर चार शब्द आले पाहिजेत. नाहीतर उद्या हेच गृहस्थ वरच्या कचेरीत जातील, आणि मग तुमचीही नावं अडकतील. जा."

निघताना ठेकेदारानं ती बसलेली खुर्ची उचलून आपल्या बाजूला ओढून घेतली. "ए," तो म्हणाला, "चटई राहिलीय बघ एक टेबलावर."

*

दुपारी कुणी तळ्यावर गेलं नाही. बाईंनी पत्र दिलं. देताना म्हणाल्या, "मी तेव्हाच विचारलं होतं तुम्हाला." खरंच होतं ते.

घरी म्हातारी येताक्षणी मागावर बसली होती. तिचं तोंड उतरलं होतं. "माझं चुकली," ती सुनेला म्हणाली. "मी बरोबर बोलायला नको होती. तुला बरं वाटावं म्हणून शिकली. चार दिवस शिकली."

"तुमचं नाही चुकलं, आई," शिकलेली म्हणाली. सासूच्या पाठीला हात लावावा असं वाटलं. पण तशी त्या घरात सवय नव्हती. तिनं काड्यांची पेंढी सासूच्या हाताशी सरकवली.

मग ती चिमीसमोर जमिनीवर बसली. मोजे काढून ठेवलेले होते. पोरीचे पाय किती मऊ होते. ह्या पायांना चिखल लागू नये म्हणून तर सगळं केलं, आणि आता ह्याच पायांना उद्या उभं राहायला हक्काची वीतभर जागा हवी तर तीच बोली लागणार होती.

"चिमे, सोऊ म्हण."

चिमी पाय पोटाशी ओढून बसली.

"म्हण गं. सोऊ. तुला येतं. लहानपणी म्हणायचीस."

"तू मारशील."

"नाही मारणार."

"मागे मारलंस."

"आता नाही मारणार. शप्पथ. आता म्हणायचं. उद्या त्या काकांना सांगायचंय."

चिमीनं विचार केला. तिच्या कपाळाला आजीसारखीच मधोमध एक आठी पडे. "आजीला विचार. तिला येतं."

म्हातारीनं मान वर केली नाही. ती मोजत होती, ओठांतल्या ओठांत. ओय. मे. तुल.

"मीच म्हणते आधी," शिकलेली म्हणाली. "मग तू." तिनं घसा साफ केला. आपल्याच घरात, आपल्या पोरीसमोर, तिला लाज वाटत होती. कुणाची, हे सांगता आलं नसतं. "सोऊ," ती म्हणाली.

चिमीचे डोळे मोठे झाले. ती उठून आईच्या जवळ आली. तिनं दोन बोटं जुळवली, आणि आईच्या ओठांवर चापटी मारली. लागेल अशी नाही.

"घाण बोली," ती म्हणाली. "असं नाही म्हणायचं."

मागावर फणी थांबली. तुलच्या पुढचा आकडा कुणी उच्चारला नाही. नवरा दारात पाठमोरा उभा होता, तो तसाच उभा राहिला.

शिकलेलीनं पोरीचा हात धरला नाही. तोंड बाजूला केलं नाही.

"सोऊ," ती पुन्हा म्हणाली.

बोटं पुन्हा आली. या वेळी जरा हळू.